धुतलेला डबा

डबा पुन्हा रिकामाच परत आला होता.

विनयाने तो दारातल्या पायरीवरून उचलला. झाकण काढलं, उपडा करून पाहिला. लख्ख धुतलेला. आत एक लिंबूसुद्धा नाही. शेजारच्या मार्गारेटच्या झाडाला तर इतकी लिंबं लागली होती की फांद्या वाकल्या होत्या. साताऱ्याला विनयाच्या आईने शेजारणीची वाटी कधी रिकामी पाठवली नव्हती. अगदीच काही नसलं तर चमचाभर साखर घालायची. भांडं रिकामं परत करायचं म्हणजे समोरच्या बाईला तोंडावर सांगायचं, की आता पुरे झालं तुझं येणं-जाणं.

हा तिसरा डबा. चकल्यांचा रिकामा आला तेव्हा विनया मनाशी म्हणाली, वय झालंय, विसरली असेल. बेसनाच्या लाडवांचा आला तेव्हा म्हणाली, गडबडीत असेल. शहात्तर वर्षांच्या एकट्या बाईला कसली आलीय गडबड? आता नारळाच्या वड्यांचाही तसाच आला, आणि विनयाला सरळ रडूच फुटलं. तिने तो डबा ओट्याखालच्या कपाटात पार मागे सारून दिला.

परदेशात, या पापाकुरात येऊन तिला आठ महिने झाले होते. नवरा सुशील सकाळी साडेसहाच्या ट्रेनने सिटीत ऑफिसला जायचा आणि संध्याकाळी सातला यायचा. मधल्या सगळ्या वेळात तिच्याशी बोलणारं माणूस एकच, ही मार्गारेट. पहिल्याच दिवशी तिने बजावलं होतं, मला नुसतं मार्गारेट म्हणायचं. आजीच्या वयाच्या बाईला अशी नावाने हाक मारताना विनयाची जीभ अजून अडखळायची. पण ती हाक मारायला मिळावी म्हणून तर चकल्या तळल्या होत्या.

बाकी इथल्या लोकांच्या खाण्याची तिला फार गंमत वाटायची. स्काइपवर ती धाकट्या बहिणीला रंगवून सांगायची. "अगं, हे लोक संध्याकाळी साडेपाचला जेवून मोकळे! आपण तेव्हा चहा टाकतो. परवा सुशीलच्या मॅनेजरने बार्बेक्यूला बोलावलं. काय भाजायचं ते आपलं आपण न्यायचं, बिअर आपली आपण न्यायची, बसायला खुर्चीसुद्धा आपलीच. यजमानाचा काय तो विस्तव! आणि उरलंसुरलं ज्याचं त्याने घरी न्यायचं. टोस्टला ते मार्माइट फासतात ना, ते म्हणजे करपलेल्या आमटीचा तळ खरवडलाय असं वाटतं."

बहीण पोट धरून हसायची. मग तिच्या मुलांच्या शाळेची घाई सुरू व्हायची आणि फोन बंद व्हायचा. साताऱ्यात तेव्हा सकाळ, इथे दुपार. विनया पान वाढून घ्यायची. पानात भाजी, आमटी, कोशिंबीर, सगळं असायचं. "अजून थोडं घे गं" म्हणणारं कुणी नसायचं. मग ती चार घासांत उठायची.

त्या संध्याकाळी तिने सुशीलला सांगून टाकलं, "मला साताऱ्याला जायचंय. काही महिने."

सुशीलने लॅपटॉपवरून मान वर केली. "जाऊन ये ना. इथे तसंही विंटरमध्ये बोअर होतं." त्याने तिकीट काढून दिलं. परतीचं कधीचं काढू, हे त्याने विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

पुढचे तीन आठवडे विनयाने शेजारच्या घरासाठी काही केलं नाही. मार्गारेट कपडे वाळत घालताना दिसली, की ही नुसता हात वर करायची आणि आत वळायची. मार्गारेट दोरीपाशी जरा वेळ तशीच उभी राहायची, हे तिला खिडकीतून दिसायचं. पण एकदा मनात बसलं ते बसलं.

गुरुवारी दुपारी ती बॅग भरत असताना बेल वाजली. दारात मार्गारेट होती. घरातल्याच सपाता, पण केस नीट विंचरलेले. तिची नजर आतल्या उघड्या बॅगेवर गेली.

"तू चाललीस?"

"हो. शनिवारी."

"परत येणार आहेस ना?"

विनयाने वळून बॅगेकडे पाहिलं.

"माझं काही चुकलं का?" मार्गारेटने हळूच विचारलं.

आठ महिने थँक्यू आणि लव्हली यापलीकडे न गेलेलं विनयाचं इंग्रजी त्या क्षणी मोडकंतोडकं का होईना, भडाभडा बाहेर पडलं. "तुम्ही माझा डबा रिकामा परत करता. तीनदा केलात. आमच्यात असं कुणी करत नाही. रिकामा डबा म्हणजे आता येऊ नकोस!"

मार्गारेटने दाराची चौकट धरली. 

"मी तर तो त्याच दिवशी धुऊन आणून ठेवायचे," ती म्हणाली. "डबा माझ्याकडेच राहिला असता, तर तू पुन्हा कशातून घेऊन आली असतीस?"