मागच्या रांगेतली

पॉप गाण्यांच्या व्हिडिओंवर लिहिणाऱ्या समीक्षकानं सवयीप्रमाणे गाणं मध्येच थांबवलं. निळ्या प्रकाशाबद्दल दोन ओळी लिहायच्या होत्या. गायिकेचे उडालेले केससुद्धा हवेत थिजले. मागच्या रांगेतली एक मुलगी मात्र नाचतच होती.

ती त्याची लेक चिमी होती. गेल्या वर्षी वारलेली.

त्यानं दचकून गाणं चालू केलं. सगळे नाचू लागले आणि चिमी जागच्या जागी गोठली.

"अहो, थांबवा ते!" शेजारी बसलेली बायको किंचाळली.

त्यानं थांबवलं. चिमी पुन्हा नाचू लागली. दोघं डोळे भरून बघत राहिली.

हळूहळू चिमीला धाप लागली, पाय लटपटू लागले. ओठ हलले, आवाज आला नाही, तरी दोघांना कळलं. "बाबा, दमले मी. चालू करा ना."

त्यानं हात पुढे केला. बायकोनं त्याचं मनगट गच्च धरलं.

"नाचू दे तिला."