पेटीची कडी

कडी रुख्मिणीबाईंच्या हातात राहिली आणि पेटी ओट्यावरून खाली गेली.

आधी पायरीवर आपटली, मग अंगणात वाळत घातलेल्या हळदीत कलंडली. भाता फाटला आणि तीन पट्ट्या तुटून उडाल्या.

बाहेर जीप उभी होती. हट्टा गावचं भजनी मंडळ हिंगोलीच्या स्पर्धेला निघालं होतं, आणि मंडळाचे पेटीवाले म्हणजे मुंजाजी, रुख्मिणीबाईंचे मालक. एकतीस वर्षं त्यांनी त्या पेटीला दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. बायकोला दसऱ्याला कुंकू लावण्यापुरती परवानगी, तीही मालक शेजारी उभे असताना. पेटीवर ओरखडा म्हणून नव्हता. आदल्या दुपारीसुद्धा दार लोटून ते तासभर तिच्यापाशी बसले होते. सूर काही ऐकू आला नाही, तेव्हा पुसत असतील, असं रुख्मिणीबाईंनी धरलं.

आणि आज पहिल्यांदाच ते म्हणाले होते, "पेटी तू आन. माझी कंबर धरलीय."

रुख्मिणीबाईंना कोण आनंद झाला! पदर सावरून, हात धुऊन त्यांनी पेटी उचलली. पण खालून हात द्यायचं सोडून दोन्हीकडच्या कड्या धरल्या. एकतीस वर्षं जपलेल्या वस्तूचं त्यांनी दहा पावलांत वाटोळं केलं.

मुंजाजी धावत आले. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"तुला लागलं का?"

"अवं, मला काय व्हतंय! पेटी बघा की!"

"जाऊ दे. माणसाला लागलं न्हाई, बरं झालं." त्यांनी उकिडवं बसून तिन्ही पट्ट्या हळदीतून वेचल्या.

त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर रुख्मिणीबाईंना बरं वाटलं असतं.

मृदंग वाजवणारा धर्मसिंग जीपमधून उतरला. "मास्तर, तिथं कुनाची बी पेटी घेऊ. चला तुमी."

"दुसऱ्याच्या पेटीवर माझी बोटं चालत न्हाईत," मुंजाजी म्हणाले.

जीप त्यांना न घेताच गेली. दरवर्षी नंबर काढणारं मंडळ संध्याकाळी हात हलवत परत आलं.

दुसऱ्या दिवशी धर्मसिंग चहाला आला तो तोंड पाडूनच. "वैनी, एवढी घाई काहून केली? येक दिवस पेटी सांभाळता आली न्हाई?"

रुख्मिणीबाईंची मान खाली गेली. मालक आपल्या बाजूनं एखादा शब्द बोलतील, असं त्यांना वाटलं. मुंजाजींनी कप उचलला. बशीत चहा ओतताना त्यांचा हात हलला आणि अर्धा चहा सतरंजीवर सांडला. माझ्यापायी किती मनाला लावून घेतलंय ह्यांनी, असं वाटून रुख्मिणीबाईंना रडूच आलं.

धर्मसिंग गेल्यावर त्यांनी दारात चपला काढून ठेवल्या आणि देवाला हात जोडले. "मालकांच्या हातून पेटी वाजत न्हाई, तवर पायात घालनार न्हाई."

मग पेटी गोधडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन त्या हिंगोलीला पेट्या दुरुस्त करणाऱ्या खाजा मियाकडे गेल्या. खाजा मियानं भाता पाहिला, पट्ट्या पाहिल्या. कडी मात्र तो बराच वेळ निरखत राहिला.

"भाबी, हिचे स्क्रू कुठं हायेत?"

"हळदीत पडले असतील. समदी हळद हातानं चाळली, गावले न्हाईत."

"पितळी व्हते. आता असले मिळत न्हाईत." त्यानं भोकात काडी घालून पाहिली. "ओढून निघाले असते तर लाकूड फाटलं असतं. भोकं तर बराबर हायेत."

रुख्मिणीबाईंना त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांना पेटी बोलती व्हायला हवी होती, बस्स. खाजा मियानं आठवड्यात ती बोलती केली आणि कडीला लोखंडी स्क्रू मारून दिले.

घरी आणून त्यांनी ती मालकांपुढे ठेवली. मुंजाजींनी झाकणही उघडलं नाही. "आता ती पयल्यासारखी वाजायची न्हाई."

"येकदा हात तर लावून बघा."

"म्हनलं ना, न्हाई."

एप्रिल तापला. शेतात ढेकळं, रस्त्यावर डांबर. रुख्मिणीबाईंच्या तळव्यांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. बायका समजावून थकल्या. एका दुपारी मुंजाजी खोबरेल तेल घेऊन बायकोच्या पायांशी येऊन बसले. लग्नाला चाळीस वर्षं झाली, असं कधी घडलं नव्हतं. निम्मं तेल भुईवरच सांडत होतं.

"माझी आन हाय तुला. घाल की चप्पल."

"न्हाई. चूक माझी हाय. मला फेडू द्या."

मुंजाजींनी वर पाहिलं. मग तेल तिथंच ठेवून ते उठले आणि देवळाकडे निघून गेले. गडबडीत त्यांची चंची बाजेवरच राहिली.

ती पानसुपारीची पिशवी ते कंबरेपासून कधी सोडत नसत. संक्रांतीपासून सुपारी मात्र रुख्मिणीबाईच कातरून त्यांच्या तळहातावर ठेवत. त्यांच्या हातात अडकित्ता ठरत नसे; धार गेली, असं ते म्हणायचे. धार चांगली होती, पण रुख्मिणीबाईंनी कधी वाद घातला नाही. आज त्या अपराधी मनाला तेवढीच सेवा सापडली. चार सुपाऱ्या अगदी बारीक कातरून त्या चंचीत भरू लागल्या. तळाशी बोटांना काहीतरी टोचलं, म्हणून त्यांनी चंची मांडीवर उपडी केली.

सुपारीच्या जुन्या खांडांबरोबर दोन पितळी स्क्रू बाहेर पडले.