घेतलेलं नाव

बायको, प्रयागबाई, गेल्याचं सोपानला बेल्ह्याच्या बैलबाजारात कळलं, तेव्हा त्याच्या हातात नव्या बैलाचा कासरा होता.

मागे तिची एकच सीडी उरली, वास्तुशांतीची. तीत ती उखाणा म्हणे. पण घरच्या कॉम्प्युटरवर चित्र अडखळत चाले आणि ऐन नावाशी थिजे. तसंही त्या दिवशी नाव न घेताच ती लाजून आत पळाली होती. साऱ्या खोडद गावाने पाहिलं होतं.

दिवाळीला लेक आली, हर्षाली. तिने सेटिंग उघडलं. "आबा, ग्राफिक्स कार्डाचं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंदच व्हतं की! बैल दावणीला आन् तुमीच नांगर वढताय." हसत तिने ते चालू केलं.

चित्र पाण्यासारखं वाहू लागलं. प्रयागबाईने उखाणा म्हटला, आणि न लाजता, खणखणीत आवाजात शेवटी म्हणाली, "सोपानराव!"

सोपानने मांडीवर थाप मारली. "घेतलं! घेतलं माझं नाव!"

"पण आबा, त्या दिवशी तर आई..." हर्षाली थांबली.

पडद्यावर तिच्याभोवती जमलेल्या सगळ्या बाया वळून सोपानकडे बघत होत्या.

"आता तुमी घ्या," प्रयागबाई म्हणाली.

सीडी बाहेर काढली, तरी त्या तशाच उभ्या आहेत. सोपानने अजून तिचं नाव घेतलेलं नाही.