फोटो नसलेला माणूस

लालबागच्या गिरणीत कापड विणायचे साचे चालवणाऱ्या धाकू परबच्या हातात चित्रकला होती. पाळी सुटली की तो चाळीच्या गॅलरीत बसून लहान फोटोवरून मोठी तसबीर काढून द्यायचा. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक नवी जोडपी. मग संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि गेलेल्या माणसांचे फोटो घेऊन लोक येऊ लागले. धंदा असा वाढावा, हे त्याच्या मनातही नव्हतं.

एका दुपारी शेजारची अंबिका आली. तिचा राजाराम त्याच गोळीबारात गेला होता.

"भावोजी, ह्यांची तसबीर करा. फोटो कधी काढलाच नाय."

"फोटोशिवाय कशी होणार, वहिनी?"

"तुम्ही दोघं गिरणीत एकाच खात्यात कामाला होतात. तुम्हाला फोटो कशाला हवा?"

धाकूने आठवून आठवून चेहरा काढला. अंबिका कितीतरी वेळ बघत राहिली.

"नाक बरोबर आलंय. डोळे असे नव्हते हो."

"मग कसे होते? सांगा, तसे करतो."

सांगायला तिने तोंड उघडलं आणि ती तशीच थांबली. मग घाबऱ्या आवाजात म्हणाली, "भावोजी, मलापण आठवेनात."