आधी जेवून घे

मारिबेलनं दोन घास खाल्ले आणि प्लेट बाजूला सारली. सुलेखा समोर बसून बघत होती. ही पोरगी आज जेवली नाही, तर सांगायचं कसं?

मारिबेल गोलकीपर होती. दक्षिण अमेरिकेतल्या एका डोंगराळ देशाचा महिलांचा राष्ट्रीय संघ मैत्रीपूर्ण सामना खेळायला फ्रँकफर्टला आला होता, आणि सुलेखा त्यांची दुभाषी. पुण्यात स्पॅनिश शिकलेली, लग्न होऊन इथं आल्यावर जर्मनही पक्कं केलेली. आठवडाभर ती या पोरींच्या तोंडचं जर्मनांच्या कानात घालत होती, औषधाच्या दुकानापासून पत्रकारांपर्यंत.

आज सकाळी रिसेप्शनवरच्या बाईनं तिला हाक मारली. फोनवर कुणीतरी स्पॅनिश बोलतंय, मला काही कळत नाही, म्हणाली. तो मारिबेलचा भाऊ होता. मॅच होईपर्यंत संघाच्या मॅनेजरनं पोरींचे मोबाइल काढून घेतले होते, म्हणून बिचाऱ्यानं हॉटेलचा नंबर शोधून काढला होता. आई रात्रीच गेली. उद्या संध्याकाळी पुरायचं आहे. ताईसाठी तोवर थांबतो, पण त्यापुढे थांबता येणार नाही, एवढंच तो बोलू शकला.

मॅनेजरनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. दुसरी गोलकीपर बोट मोडून बसली होती. तो काही वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सुलेखाला निदान त्याच्यावर मनसोक्त चिडता आलं असतं.

"मॅच संपली की मीच सांगतो," तो म्हणाला. "तोवर तू काही ऐकलेलं नाहीस."

मॅच संध्याकाळी. मॅचनंतर सांगणं म्हणजे उद्या वेळेत पोचवणारं दुपारचं विमान उडून गेल्यावर सांगणं. पोरीला आईचं तोंडही बघायला मिळणार नव्हतं.

सुलेखा तिथून उठली. मग बाहेर जाऊन तिनं नवऱ्याला, उल्हासला, फोन लावला. तो आधी नियमांवर आला. त्याचा मूळ स्वभावच तो, आणि या देशात राहून आणखी मुरलेला. तू यात पडू नकोस, दुभाषांची एजन्सी तुला परत दारात उभी करणार नाही, म्हणाला. मग फोनवर कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"आल्झो," तो सवयीनं जर्मनमध्ये 'बरं तर' म्हणाला. "दुपारच्या फ्लाइटला एक सीट दिसतेय. काढू?"

"काढ," सुलेखा म्हणाली.

आता फक्त सांगायचं उरलं होतं, आणि तिथंच तिचं घोडं अडलं होतं. उपाशी माणसाला मरणाची बातमी द्यायची नाही, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. एकदा कानावर पडली की घास उतरत नाही, आणि प्रवास तर केवढा लांबचा. लातूरला तिच्या आईनं अशा कितीतरी जणांना आधी वाढलं होतं आणि मग सांगितलं होतं.

तिनं प्लेट पुन्हा मारिबेलपुढं सरकवली. मोकळा भात आणि उकडलेली कोंबडी, खेळाडूंचं पथ्याचं जेवण.

"आधी जेवून घे," ती म्हणाली. हसायचाही प्रयत्न केला. तो साधला नाही.

मारिबेलचा हात काट्यापाशी थांबला. ती सुलेखाच्या तोंडाकडे बघत राहिली. शेजारच्या टेबलावर पोरी एकमेकींची टर उडवत खिदळत होत्या.

"मी लहान होते तेव्हा बाबा वारले," मारिबेल हळू आवाजात म्हणाली. "आईनं मला मांडीवर घेऊन पोटभर भरवलं. मग सांगितलं."

सुलेखाला फार वाईट वाटलं. तिनं नुसती मान खाली घातली.

मारिबेलनं प्लेट जवळ ओढली. काट्यानं भाताची चार शितं उचलून तोंडात घातली आणि ती चावत राहिली.

"हे संपेपर्यंत सांगू नकोस," ती म्हणाली, आणि पुढचा घास आणखी लहान घेतला.