कच्ची काकडी

"डॉक्टर, काकडी कच्ची चालेल का, तेवढंच सांगा," सासूबाई म्हणाल्या. रिपोर्ट अजून डॉक्टरांच्या हातातच होता. खरं काय ते विचारायचा धीर होत नव्हता, म्हणून बिचारी काकडी पुढे केली होती.

हर्षलाच्या दंडावर उगाचच काळेनिळे डाग उठायला लागले, तपासणीत रक्ताचा कर्करोग निघाला, आणि त्याच दिवशी सासू-सुनेची रोजची भांडणं बंद पडली. घरातल्यांनी आजाराइतकीच त्या शांततेची धास्ती घेतली. केमो सुरू असताना कच्चं काही नको, असं डॉक्टरांनी बजावल्यावर सासूबाईंनी कोशिंबिरीची काकडीसुद्धा कुकरला लावली. हर्षलाने तो लगदा मुकाट्याने खाल्ला, वर "छान झालीय" म्हणाली. सासूबाई मोरीत जाऊन रडल्या.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "हाडातल्या मगजाची तपासणी स्वच्छ आलीय. गोळ्या चालूच राहतील. काकडी मात्र खुशाल खा, धुऊन घ्या म्हणजे झालं."

घरी येताच सासूबाईंनी काकडी चोचवली, दाण्याचं कूट घातलं, वर मोहरीची फोडणी दिली आणि वाटी सुनेपुढे ठेवून तिथेच उभ्या राहिल्या.

हर्षलाने घास घेतला. "आई, साखर किती ही! कोशिंबीर आहे की शिकरण?"

"तुझ्या आईनं शिकवली असती, तर तूच केली नसतीस का?" सासूबाई कडाडल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

बाहेरच्या खोलीत सासऱ्यांनी पेपर खाली केला. "ऐकलंस?" ते मुलाला म्हणाले. "झाली रे बरी!"