एका जागी

"तालमीची जर्सी बॅगेतच ऱ्हाऊ द्या. तिथल्या लोकांनी डिवचलं तरी गप बसायचं. आणि सगळ्यांनी एका जागी बसायचं," बँकॉकच्या स्टेडियमकडं निघालेल्या बसमध्ये बळवंतमामांनी बजावलं. फुटबॉलवरून एकमेकांचं तोंडही न बघणाऱ्या कोल्हापूरच्या दोन तालमींची पोरं भारताची मॅच बघायला आली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मामा तिकिटांचं निस्तरून वर आले, तर एक तालीम डावीकडं, दुसरी उजवीकडं आणि मधल्या रांगा मोकळ्या. तिथला पोलीस अधिकारी गोंधळला होता. "यातले भारताचे कोणते?" त्यानं मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"दोन्ही," मामा म्हणाले.

अधिकाऱ्यानं यजमानांच्या बाजूचे शिपाई काढून मधल्या रांगांत आणून बसवले. मामांनी त्याचे आभार मानले आणि ते आपल्या तालमीच्या बाजूला जाऊन बसले.